टीएसएच ठीक, पण गळ्यावरच्या गाठीचे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील एका आरोग्य शिबिरात बायकांचे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीसाठी रक्त तपासले, हे चांगलेच झाले. परंतु टीएसएचचा (थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा) आकडा ठीक आल्यामुळे, गळ्यावर उघड दिसणारी गाठ असलेल्या एका बाईंनाही ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवले, हे मला खटकले. टीएसएचवरून ग्रंथीचे काम कसे चालले आहे एवढेच कळते; तिच्यातील गाठ साधी की कर्करोगाची, हे त्यावरून ठरत नाही, आणि थायरॉइडच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत हा आकडा ठीकच असतो. गाठीचा उलगडा सोनोग्राफीने आणि संशय आल्यास बारीक सुईने पेशी काढून होतो.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची गाठ गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतणीने पाहिली. तीर्थ गिळताना गळ्यात काहीतरी वर सरकले, ते तिला दिसले. जाऊबाईंना ती दोन वर्षे ठाऊक होती, पण दुखत नाही म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. कर्करोगाची गाठही बहुधा दुखत नाही, हे मी परिचारिका असूनही घरात कधी सांगितले नव्हते.

‘आम्ही मासे खाणारे, आम्हाला कुठला गलगंड?’ असेही येथे ऐकू येते. गलगंड आयोडीनच्या अभावी होतो आणि माशांतून ते मिळते, हे खरे; तथापि थायरॉइडचा सर्वाधिक आढळणारा, पॅपिलरी नावाचा कर्करोग आयोडीन पुरेसे असलेल्या प्रदेशांतही होतो. स्त्रियांत हा रोग पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. लहानपणी मानेवर किरणोपचार झाले असल्यास धोका वाढतो. १९८६ च्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातील अपघातानंतर दुधावाटे किरणोत्सारी आयोडीन पोटात गेलेल्या मुलांत हा कर्करोग पुढे ठळकपणे दिसला. त्याचा मेड्युलरी नावाचा दुसरा प्रकार काही घराण्यांत वारशाने येतो, म्हणून आई-वडिलांना तो झाला असल्यास मुलांनीही डॉक्टरांना तसे सांगावे.

हर्णैच्या बंदरावर ओरडून मासे विकणाऱ्या बाईचा आवाज बसला, तर त्यात नवल कोणाला वाटणार? परंतु तो तीन आठवड्यांत सुटला नाही, घास अडकू लागला किंवा मानेच्या बाजूला कडक गाठ लागली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे.

घाबरवण्याचा हेतू नाही. सुमारे नव्वद टक्के गाठी निरुपद्रवी असतात. सरसकट सर्वांची सोनोग्राफी करावी, असेही मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियात तसे झाल्यावर २०११ पर्यंत या कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले, मृत्यू मात्र घटले नाहीत, आणि अनेकांची ग्रंथी विनाकारण गेली.

माझी मागणी त्याहून साधी आहे. शिबिरात रक्त घेताना बाईला घोटभर पाणी प्यायला देऊन तिच्या गळ्याकडे नीट पाहावे, हाताने चाचपावे, आणि गाठ लागल्यास रक्ताचा अहवाल काहीही असो, जिल्हा रुग्णालयाची सोनोग्राफीची तारीख तिच्या हाती द्यावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी