बंड्या, सही करायच्या आधी हे वाच

बंड्या,

तुझा मेसेज आला तेव्हा शेतात होतो, हात चिखलाने भरलेले, म्हणून नुसता अंगठा टाकला आणि तू समजलास की मला पटलं. नाही पटलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे कॉलेजपासूनचं दुखणं, म्हणून लिहून पाठवतोय. चष्मा लावून सावकाश वाच आणि वहिनींना पण दे.

धायरीचा फ्लॅट पोराच्या नावावर करून टाकतो, स्टँप फक्त २०० रुपये, नंतर कुणाला कटकट नको, असं तुझं म्हणणं. २०० चं खरं आहे. राहतं घर नाहीतर शेतजमीन बायकोला, मुलामुलींना, नातवंडांना बक्षीस दिली तर आपल्या राज्यात मूळ मुद्रांक तेवढाच, आणि बापाकडून आलेल्या गिफ्टवर पोराला इन्कम टॅक्स पण नाही. पण स्वस्तात होतंय म्हणून करायचं काय? बक्षीसपत्र एकदा रजिस्टर झालं की उद्या तुझं मन बदललं म्हणून ते फिरत नाही. मृत्युपत्राचं तसं नसतं. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, तुला सही करताना बघणारे दोन साक्षीदार पाहिजेत, रजिस्टर करायची सक्ती नाही पण करून ठेव, आणि मग दहा वेळा बदल, शेवटचं ते खरं. फ्लॅट तुझ्या कमाईचा, हप्ते फेडता फेडता तुझे केस गेले, तू आहेस तोवर त्याच्यावर ना पोराचा हक्क ना पोरीचा. आणि सोसायटीत पोरगा नॉमिनी आहे म्हणून निम्मं काम झालंच आहे असं समजू नकोस, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, काहीच लिहून ठेवलं नाहीस तर वहिनी, पोरगा आणि नाशिकची तुझी लेक, तिघांना सारखे वाटे. बरं, ॲग्रीमेंटवर वहिनींचं पण नाव आहे ना? मग त्यांच्या हिश्शाचं तू कोण देणार, त्यांना विचारलंस तरी का?

आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांचं सांगतो, नाव नको. रिटायर झाल्यावर घर पोराला लिहून दिलं, पेढे वाटले, मी पण खाल्ला. आता मास्तर खालच्या खोलीत, जिथं आधी सायकली ठेवायचे तिथं, आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे म्हणून कुणीतरी सांगितलं म्हणून प्रांताकडे अर्ज केला. त्यातल्या कलम २३ मध्ये असं आहे की सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पोरानं सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द ठरवता येतं. वकिलानं मास्तरांचा कागद उघडला तर चार पानांत नुसतं प्रेम. प्रेमापोटी, मायेपोटी, स्वखुशीने. अट एका ओळीची नाही. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलं की अट असल्याशिवाय हे कलम लागत नाही, मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं आणि सांगितलं की कायदा म्हाताऱ्यांसाठी आहे, तो त्यांच्या बाजूनं वाचा, पण तिथं पोरानं शेवटपर्यंत सांभाळीन असं वेगळं लिहून दिलेलं होतं. मास्तरांकडे काय आहे? पेढ्यांचा फोटो. अजून तारखा चालू आहेत, दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं जातात.

तुझा पोरगा तसला नाही, माहितीये, माझ्या मांडीवर खेळलाय तो. मास्तरांचा पण नव्हता.

आता खरं सांगायचं ते सांगतो, हे तुला आजवर बोललेलो नाही. आमची जमीन आजोबांची, वडिलोपार्जित. अण्णा गेल्यावर २०१४ मध्ये मी अक्काची आणि धाकटीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. अक्काचं लग्न ८८ चं, धाकटीचं ९६ चं. महाराष्ट्रात १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला होता पण तो तेव्हा लग्न न झालेल्यांना, म्हणजे अक्का त्यातनं बाहेर. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना आला, लग्न झालेलं असो नसो. मला हे तेव्हा माहीत होतं. दोघींना नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. वाटणी म्हणून शब्दसुद्धा उच्चारला नाही, म्हटलं सातबाऱ्यावर नावं फार झालीत, गावच्या विकास सोसायटीचं कर्ज काढायला अडचण येते, एक सही करून जा.

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अक्काचा अंगठा मशीनवर उमटेना. आयुष्यभर भांगलण केलेला हात, रेषाच पुसल्यात. ऑपरेटर म्हणाला, मावशी केसांवर घासा जरा, तेल लागू द्या. तिनं घासला, तरी नाही. पाच-सहा वेळा झालं, मागं रांग, ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली, म्हणाली, बाळू तुझं काम अडतंय रे माझ्यामुळं. शेवटी मी तिचा हात धरून मशीनवर दाबला. उमटला. मग दोघींना जेवायला नेलं, साड्या घेतल्या, आणि घरी येऊन शांत झोपलो. फेरफार मंजूर होऊन दोघींची नावं गेली.

पाच वर्षांनी रस्त्यात ७ गुंठे गेले, मोबदला आला माझ्या एकट्याच्या खात्यावर, कायद्यानं बरोबरच होतं. त्याच साली अक्काचं गुडघ्याचं ऑपरेशन, भाऊजी आधीच गेलेले. मी ५० हजार दिले आणि तिनं दोन्ही हातांनी घेतले, उपकार घेतल्यासारखे. ते डोळ्यापुढनं जात नाही.

आता तिला २० गुंठे परत द्यायचे मनात आहे, बागायत आहे त्यामुळं तुकड्याची अडचण येत नाही. चौकशी केली तर गंमत बघ, बहिणीनं सोडायचं तर ५०० रुपयांचा स्टँप आणि भावानं बहिणीला बक्षीस द्यायचं तर बाजारभावाच्या तीन टक्के, वरचा खर्च वेगळा. घरात पण सुखासुखी होणार नाही. हिचं म्हणणं पोराचं लग्न होऊदे आधी, आत्ता जमीन कमी झालेली दिसली तर सोयरीक जमायची नाही. अक्काला विचारलं तर म्हणते, मला काय करायचीय जमीन, तू येतोस ना दिवाळीला. तलाठ्याकडनं उतारा काढून आणलाय, टेबलावर पडून आहे.

तर तुझं. पोराला कर्जासाठी कागद पाहिजे असेल तर दुसरी वाट बघू, आणि बक्षीसपत्रच करायचं असा हट्ट असला तर त्यात दोन गोष्टी घालून घे, एक म्हणजे तू आणि वहिनी मरेपर्यंत त्याच घरात राहणार हा हक्क राखून ठेवलाय, आणि दुसरं, दोघांचं खाणंपिणं दवाखाना त्यानं बघायचं या अटीवर देतोय, अगदी याच शब्दात. वकील म्हणेल बापलेकात असलं कशाला लिहायचं, तरी लिहायला लाव. आणि त्याच्या आधी नाशिकला फोन कर, लेकीला कागदाचा मजकूर वाचून दाखव, मी केलं तसं करू नकोस.

ड्राफ्ट झाला की पानांचे फोटो पाठव, सरळ काढ, मागच्या वेळी निम्म्या पानावर तुझाच अंगठा होता.

तुझा,
बाळू