सुन्याला रविवारच्या आत फोन कर

सोलापूर,
गुरुवार, रात्री

प्रिय दिग्या,

काय बे, दिवाळीनंतरचं पहिलं पत्र, तेही कामापुरतं. शिव्या आधीच देऊन घे. फोनवर सांगितलं असतं तर तू "हं, हं" करत झोपला असतास. आईचा गुडघा होता तसाच, माझी शुगर गोळीवर आहे.

सुन्या पोर्शे घेतोय. दिल्ली पासिंगची २०१९ची मॅकॅन, दोन लिटर पेट्रोल, बेचाळीस लाखांत. सोमवारी टोकन देणार. मला गाडी दाखवत नाही, का तर मी नाट लावतो! तुझं ऐकतो, का ते देव जाणे.

त्याचं एकच पालुपद: "जगात खप बघ की बे." खप आहेच. २००२ला पोर्शेची मोठी एसयूव्ही केयेन आली तेव्हा शौकिनांनी नाकं मुरडली, स्पोर्ट्स कारवाल्यांनी जीप काढली म्हणून. गल्ला त्या जीपनेच भरला. २०१४ला धाकटी मॅकॅन आली. २०२४ला जगभरात पोर्शेच्या ३,१०,७१८ गाड्या गेल्या. त्यात केयेन १,०२,८८९, मॅकॅन ८२,७९५, आणि जिचं पोस्टर तुझ्या खोलीत होतं ती ९११ फक्त ५०,९४१. (पोर्शे नावाचे ट्रॅक्टरही १९५६ ते ६३ जर्मनीत बनायचे. सुन्याला सांग, बार्शीच्या वावरात तो तरी चालेल.)

पण आवड कुठे टिकते? २०२३ला जगभरचा एकूण आकडा ३,२०,२२१ होता. चीनमध्ये २०२१ला ९५,६७१ गाड्या खपल्या, २०२४ला ५६,८८७. तिथल्या गिऱ्हाइकाला आता बिल्ल्यापेक्षा मोठा स्क्रीन आणि सॉफ्टवेअर हवं. मोबाईलवाल्या शाओमीनेही २०२४ला गाडी विकायला काढली. मग सगळे विजेकडे पळाले म्हणावं, तर पोर्शेचीच विजेवरची टायकन त्या वर्षी निम्म्यावर आली. युरोपात पेट्रोल मॅकॅन सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे बंद झाली. हे सगळं शोरूममधल्या नव्या गाडीचं. वापरलेल्या गाडीच्या खोक्यात काय शिजतंय ते यातून कळत नाही.

माझा जीव अडकलाय तो ट्रान्सफर केसमध्ये. गिअरबॉक्सच्या मागून पुढच्या चाकांना ताकद देणारा तो डबा. आत क्लचच्या चकत्या असतात आणि थोडंसंच तेल. ते जुनं झालं की चकत्या सरळ घसरत नाहीत, धरतात आणि सोडतात. मग वीस ते चाळीसच्या वेगात हलका ॲक्सिलरेटर दिला की गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरते. डीलर गाडी हायवेवर पळवून दाखवतो, तिथे हे कळत नाही. सुन्याने जुळे सोलापूरच्या गल्लीत चालवतो तशी हळू चालवावी, वळणावर मुद्दाम. थरथर लवकर पकडली तर तेल बदलून भागतं कधी कधी. नाहीतर अख्खा डबा बदला, बिल लाखांत.

हाच डबा टायरमुळेही मरतो. पुढचे टायर २३५ रुंदीचे, मागचे २५५, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत. कुणी पैसे वाचवायला दोनच नवे टाकले की झीज जुळत नाही, पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने फिरतात आणि चकत्या सतत घासतात. चारही टायरच्या खाचांची खोली मोजायची, बाजूचे चार आकडे वाचायचे: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा.

इंजिन गार असताना चालू करायला लाव. बॉनेटला हात लावून बघ म्हणावं, गरम असेल तर डीलरने आधीच फिरवलीय. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं असतं, तिथे वाळलेल्या कूलंटचा गुलाबी थर दिसला की गळती समज. आपल्या उन्हाळ्यात ती रस्त्यातच उभी करील. आणि गडी बोअरचं पाणी ओतणार! क्षार जमून रेडिएटर गेलाच. बंद पडली तर दोरीने ओढायची नाही, चारही चाकांना ताकद आहे. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड ट्रक लागतो, पुण्याहून मागवला तर अडीचशे किलोमीटर.

कागद: दिल्लीची एनओसी, बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा. हा टॅक्स त्याने बेचाळीसात धरलेलाच नाही, मी विचारलं तर फोन ठेवला. आरएक्स बाईकच्या कार्बोरेटरवरून तू ठेवला होतास तसाच.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिनूची दहावी कशी चाललीय? वहिनींना शेंगा चटणी पाठवतोय, लांबोटीची.

सुन्याला टायर मोजायचं गेज लागेल. माझं तुझ्याकडेच आहे, तीन वर्षं झाली. कुरिअर कर.

तुझा,
बाप्पा