बाबा, एक्सएलवर तोरणमाळला निघण्याआधी

धुळे

तीर्थरूप बाबा व तीर्थस्वरूप आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आईने सांगितलं की दिवाळी आटोपली की चोपड्याहून थेट सातपुड्यात तोरणमाळ, टीव्हीएस एक्सएल मोपेडवर, दोघं मिळून. मी नको म्हणणार नाही. पण बाबा, गाडी तुमच्या हातात नवीन आहे आणि तिकडचा रस्ता शेतापर्यंतच्या रस्त्यासारखा नाही. म्हणून फोनवर तुम्ही हूं हूं करून जे टाळलं असतं ते सगळं इथे लिहिते.

आधी हिशोब. अंतर किलोमीटरवर धरू नका, तासांवर धरा. खड्ड्यांच्या रस्त्यावर एक्सएल ताशी 25 पडते असं समजा. चोपडा ते शिरपूर आणि पुढे शहादा मिळून शंभराच्या आसपास होतात, म्हणजे चार तास पक्के, चहापाण्यासह पाच. तेवढ्याने पहिला दिवस संपला. शहाद्याला मावशीकडे मुक्काम, घाट दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी सकाळी उजाडलं की, साडेसहाच्या सुमारास निघा. शहाद्यापर्यंतचा रस्ता सगळा पश्चिमेला जातो, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर राहतं. दुपारनंतर तेच डोळ्यांत येतं आणि खड्डा दिसत नाही. परतताना उलट, म्हणून शहाद्याहून नऊच्या आधी निघू नका. अंधारात तर अजिबात नाही. त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या असतात, मागे ना दिवा ना रेडियम, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला.

आता वजन. या गाडीवर माणसं आणि सामान मिळून साधारण 130 किलो चालतं. तुम्ही दोघं बसलात की तेवढं झालंच, पिशवी त्यात धरलेली नाही. गाडी ओढेल, त्यात शंका नाही. पण ब्रेक, स्पोक आणि मागचा टायर यांना ते रोज झेपणारं नाही. म्हणून सामान एक पिशवी, आणि तीही तुमच्या पायांमधल्या जागेत, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतंय ना ते पाहून. मागच्या कॅरिअरवर जड काही बांधू नका. पुढचं चाक हलकं होतं, वाळूत आणि बजरीत हँडल डुलायला लागतं, आणि नवीन माणूस घाबरून पुढचा ब्रेक दाबतो. तिथेच पडणं होतं.

टायर-ट्यूबवर थोडं सविस्तर लिहिते, कारण वाटेत गाडी थांबली तर बहुतेक इथेच थांबेल. चाकं 16 इंची, टायर अडीच इंची, आत ट्यूब. हवा गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच, आणि दोघं बसणार तेव्हाचा मागच्या चाकाचा आकडा वेगळा आहे, तो बघा. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून "चालेल" म्हणतो, त्यावर जाऊ नका. हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. तिथे पॅच बसत नाही, ट्यूब गेलीच. रोज सकाळी व्हॉल्व्ह सरळ उभा आहे का बघा. तिरका झाला असेल तर टायर सरकायला लागलाय. हवा जास्त भरली तर गाडी खड्ड्यात उडते आणि बजरीत पकड राहत नाही.

आपल्याकडे खिळ्यापेक्षा वेड्या बाभळीचा काटा जास्त नडतो. टायरमध्ये काटा दिसला आणि हवा हळूहळूच जात असेल तर तो उपटू नका, हवा भरत भरत पुढच्या दुकानापर्यंत जा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापड फिरवायला सांगा. काट्याचं टोक आतच राहिलेलं असतं आणि नवी ट्यूब दहा किलोमीटरवर बसते. कापड अडकलं की टोक तिथेच.

स्पोक पाना टेकवून वाजवून बघा, एकेक करून. घट्ट असेल तो टणकन वाजतो, ढिला असेल तो बद्द. दोन-चार बद्द निघाले तर निघण्याआधी मिस्त्रीकडून चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढून घ्या, कारण ढिले स्पोक बाकीच्यांवर भार टाकतात आणि खड्ड्यात एकामागून एक तुटतात.

चेन आईला मागे बसवून तपासा. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन दोघं बसल्यावर ताणली जाते. मधोमध वर-खाली दोन सेंटिमीटरभर हलली की ठीक. चाक हळूहळू फिरवत चार ठिकाणी बघा. धुळीच्या रस्त्यावर चेनला चोपडून ग्रीस लावायचं नाही. धूळ त्यात बसते आणि पॉलिश पेपरसारखी स्प्रॉकेटचे दात खाते. कापडाने पुसून इंजिन ऑइलचे थेंब, वरचं तेल परत पुसून टाकायचं. इंजिन ऑइलची लेव्हल निघण्याच्या आदल्या दिवशी बघा. इंजिनात तेल लिटरपेक्षाही कमी असतं, थोडं घटलं तरी मोठा फरक पडतो. आणि गावात कोणी जुन्या लुनेच्या सवयीने पेट्रोलमध्ये ऑइल घाला म्हणेल. ही फोर-स्ट्रोक आहे, नुसतं पेट्रोल. टाकी चार लिटरची. शिरपूरला भरा, शहाद्याला परत काठोकाठ भरा, पुढे पंपाचा भरवसा नको.

सोबत एवढं असू द्या: एक नवी ट्यूब, हातपंप, दोन टायर लिव्हर, मागच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना, प्लग आणि प्लगपाना, ॲक्सिलेटरची एक केबल, थोडी बारीक तार आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. ट्यूब तुम्हाला स्वतः बदलता आली नाही तरी चालेल; खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे तुमच्या मापाची ट्यूब असेलच असं नाही, हात मात्र असतात.

चालवताना हँडल घट्ट धरू नका, नाहीतर तासाभरात पंजे बधिर होतात. नजर पुढच्या चाकासमोर नको, पंधरा-वीस मीटर पुढे. खड्डा चुकत नसेल तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि चाक आत उतरताना सोडून द्या. ब्रेक धरून खड्ड्यात गेलं की सगळा दणका रिमला आणि तुमच्या मनगटाला. त्याच वेळी बूड सीटवरून चार बोटं उचला, वजन पायांवर घ्या. गाडी डगमगली म्हणून पाय बाहेर टाकू नका, घोटा मोडतो तो असाच. आईने एका बाजूला बसायचं नाही, दोन्हीकडे पाय टाकून, साडीऐवजी ड्रेस. हेल्मेट दोघांना. आई, "काय व्हई?" म्हणू नकोस.

शिरपूरला मुंबई-आग्रा रस्ता ओलांडताना उतरा, गाडी ढकलत न्या. लाज कसली त्यात. फरशी पुलावरून वाहतं पाणी असेल तर थांबा. पाणी ओलांडून आलात तर पुढे थोडा वेळ हलके ब्रेक दाबत चला, म्हणजे ड्रम सुकतील. पाऊस झालाच तर काळ्या मातीच्या डायव्हर्शनवर गाडी घालू नका. माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये बसते आणि चाक फिरायचं थांबतं, मग काठीने उकरत बसा.

आणि घाट. इथे माझं मत स्पष्ट आहे: शहाद्याच्या पुढे आईने गाडीवर बसायचं नाही. तिने शहाद्याहून एसटी किंवा काळीपिवळी धरावी, बाबांनी एकट्याने वर यावं. तोरणमाळ सव्वा अकराशे मीटरच्या वर आहे आणि सात पायरी घाटाची वळणं एकावर एक आहेत. एक्सएलला गिअर नाही, सेंट्रीफ्यूगल क्लच आहे. इंजिनचा वेग वाढला की क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात, वेग उतरला की सुटतात. चढावर अर्धवट रेस देत गाडी जागेवर तोलून धरली की शू नुसते घासतात, जळका वास येतो आणि ओढ जाते. थांबायचं तर ब्रेकवर थांबा. निघताना रेस पुरती द्या. वास आला तर पंधरा मिनिटं सावलीत.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड आहे. हळू आलात की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. दुसऱ्या गिअरमधली मोटरसायकल जशी स्वतःला आवरते तसं हिला जमत नाही. सगळा भार ड्रम ब्रेकवर. ते सतत दाबून ठेवले तर तापतात आणि लिव्हर मुठीपर्यंत आली तरी गाडी थांबत नाही. म्हणून वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकदम, चांगले, मग सोडून द्या. दर दोन-तीन किलोमीटरला रुंद जागा पाहून थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायचा विचार तर मनातही नको.

बीपीची गोळी नाश्त्यानंतर, नेहमीसारखी. निघण्याच्या आदल्या रात्री शेवभाजी नको. दर 25 किलोमीटरला उतरून पाय मोकळे करा, ताक मिळालं तर ताक. पक्कं लायसन, इन्शुरन्स, पीयूसी एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. शिरपूरला पोचलात की मिस्ड कॉल द्या.

तुमची लेक,
ताई

ता. क. निघण्याच्या आठवडाभर आधी, दोघं बसून आणि पिशवी ठेवून, यावलपर्यंत जाऊन या. परत आल्यावर कॅरिअर, सायलेन्सर आणि मडगार्डचे नट-बोल्ट पुन्हा आवळा. जो ढिला झाला असेल तोच वाटेतही सुटणार, त्याला नवा स्प्रिंग वॉशर घाला.