पोस्टडॉकच्या जागा एका ठिकाणी जाहीर व्हाव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘आता पुढे कुठे अर्ज करू?’ असे विचारायला विद्यार्थी येतो, तेव्हा त्याचा पीएच.डी.चा प्रबंध बहुधा बांधणीला गेलेला असतो आणि हा प्रश्न वर्षभर आधी यायला हवा होता, हे त्याला सांगणे जिवावर येते. अनेक वर्षे संशोधन-मार्गदर्शन केल्यावर मात्र या उशिराचा सगळा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे मला पटत नाही.

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतर ठराविक मुदतीसाठी मिळणाऱ्या संशोधनाच्या जागेच्या, वाटा मुख्यतः दोन. एकीत प्राध्यापकाला मिळालेल्या प्रकल्प-अनुदानातून नेमणूक होते. तिथे विषय ठरलेला असतो आणि मुदत अनुदान पुरेल तेवढीच. दुसरीत उमेदवार स्वतः फेलोशिप मिळवून यजमान विद्यापीठात जातो. या दुसऱ्या वाटेवरचे नियम काटेकोर आहेत. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानाच्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी पीएच.डी.नंतर साधारण ४ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपची मर्यादा ८ वर्षांची आहे. पण तिच्या युरोपातील जागांसाठी, अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ यजमान देशात राहिलेला किंवा काम केलेला उमेदवार अपात्र ठरतो. दोन्हीकडे यजमान प्राध्यापकाची तयारी आधी मिळवावी लागते, आणि ओळख, पत्रव्यवहार व प्रस्तावाचा मसुदा यांत महिने सहज निघून जातात.

हे नियम निदान छापील तरी आहेत. पहिल्या वाटेवरच्या जागेची जाहिरात मात्र कधी विभागाच्या सूचनाफलकावर असते, कधी प्राध्यापकाच्या वैयक्तिक पानावर, तर कधी परिषदेच्या मधल्या सुट्टीत केवळ तोंडी. ज्याचा मार्गदर्शक चार माणसांना ओळखतो, त्याला ती कळते; इतरांना कळते तोवर जागा भरलेली असते. यावर उपाय नाही असे नाही. गणितात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘मॅथजॉब्स’ या संकेतस्थळावर अनेक विद्यापीठांच्या जागा एकत्र दिसतात आणि अर्ज व शिफारसपत्रे तिथूनच पाठवता येतात. युरोपात ‘युरॅक्सेस’वरही संशोधकांच्या जागांच्या जाहिराती एकत्र पाहता येतात. प्रत्येक विद्यापीठाने निदान आपल्या सर्व विभागांच्या जागा तरी एका पानावर का आणू नयेत?

उमेदवारही निर्दोष नाहीत. एकच पत्र नाव बदलून पन्नास प्राध्यापकांना पाठवणारे मी पाहिले आहेत (एकाने तर नाव बदलायचेही राहू दिले होते). प्राध्यापकाचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचून, त्यांतल्या नेमक्या कोणत्या प्रश्नावर आपण काय करू शकतो, हे दहा ओळींत लिहिणाऱ्याला उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. त्यासाठी पुरेसा वेळ हाताशी हवा, म्हणजे जागेची बातमीही वेळेवर हवी.

जाहिरातीत अनुदान कोणत्या महिन्यापर्यंत आहे, मुदतवाढ कशावर अवलंबून आहे आणि त्या जागेसाठी आतला उमेदवार आधीच ठरलेला आहे का, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘एक वर्ष, वाढण्याची शक्यता’ या चार शब्दांवर विसंबून माणसे कुटुंबासह देश बदलतात.

आपला,
एक निवृत्त संशोधन-मार्गदर्शक