माती खालनं गेली आहे साहेब : महसूलमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय महसूलमंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळुरू

नमस्कार साहेब,

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. पोटासाठी बेळगावात उद्यमबागला मशीन शॉपमध्ये काम करतो पण घर, भाताची शेती, आई, काका सगळं गावाकडंच, त्यामुळं शनिवारी संध्याकाळी गाडी काढली की जातोच. कन्नड बोलायला येतं, एवढं लांब पत्र लिहायला जमत नाही म्हणून मराठीत लिहितोय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवावं ही विनंती. विषय एकच : जमीन आतनं पोकळ होऊन खचते, तिला सरकारच्या आपत्तींच्या यादीत नाव मिळावं.

गावाच्या खालच्या अंगाला रस्ता डोंगराला कापून गेलाय. मागच्या जुलैत आठ-दहा दिवस पाऊस हटलाच नाही तेव्हा त्या रस्त्याला आधी केसाएवढी भेग पडली, मग एका रात्रीत भगदाड पडलं, आत म्हैस उभी राहील एवढं. वर डांबराची पापडी आणि खाली नुसती पोकळी. नशीब, शाळेची गाडी यायच्या आधी दुधवाल्यानं बघितलं. ऑफिसातनं माणसं आली, फोटो काढले, कागदावर ‘पावसामुळे रस्ता खराब’ असं लिहिलं, चार टिप्पर मुरूम ओतून रोलर फिरवला आणि गेले. पंधरा दिवसांत परत बसला. परत मुरूम. परत बसला.

तेव्हा काका मला म्हणाले, चल जरा खाली. रस्त्याच्या खालच्या बाजूला साठ-सत्तर पावलं उतरलो, काजूच्या झाडांत, तर तिथं डोंगराच्या पोटातनं मांडीएवढी जाड धार येत होती, चहासारखी लाल. आमचा मुरूम होता तो साहेब, पाण्याबरोबर खालनं चाललेला. ज्यांनी ज्यांनी पाहणी केली त्यांनी वरचं भगदाड बघितलं, खालचं तोंड कुणीच बघितलं नाही.

भात करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे कळतं. वाफ्याच्या बांधात खेकड्याचं किंवा उंदराचं बीळ असलं की पाणी आधी बोटाएवढं झिरपतं, मग जाताना थोडी थोडी माती घेऊन जातं, बीळ मोठं होतं, आणि सकाळी बघावं तर बांध मधनंच बसलेला. वरनं माती टाकून काही उपयोग नसतो, पाणी शिरतं ती बाजू शोधून तिथं चिखल ठोकावा लागतो आणि जास्तीच्या पाण्याला दुसरीकडनं तोंड काढून द्यावं लागतं. डोंगरात पण हेच होतं, फक्त मापं मोठी.

आमच्याकडं वर जांभा आहे, ज्याचे चिरे काढून आम्ही घरं बांधतो. तो कठीण असला तरी भोकाभोकांचा, पाणी सरळ पिऊन घेतो. त्याच्या खाली पांढरट-गुलाबी मऊ माती लागते, ओली झाली की साबणासारखी. विहीर खणणारा कोणीही सांगेल. (खानापूरची कौलं आणि मडकी उगाच प्रसिद्ध नाहीत, केंद्राची कुंभारकामाची संस्था खानापुरातच आहे.) पाणी जांभ्यातनं उतरतं, त्या मऊ मातीत वाट करतं, माती वाहून नेतं आणि आत पाइपासारखं भुयार तयार होतं. इंग्रजीत याला सॉइल पायपिंग म्हणतात. केरळात तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय भूविज्ञान अभ्यास केंद्रानं यावर काम केलंय आणि केरळ सरकारनं सॉइल पायपिंगला राज्याच्या आपत्तींच्या यादीत घातलंय. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं परत येतो.

शहरातसुद्धा जमीन अशीच खचते, फक्त तिथं खेकड्याच्या जागी फुटकी पाइपलाइन नाहीतर ड्रेनेजचा चेंबर असतो. ग्वाटेमाला शहरात २०१० साली वादळाच्या पावसात २० मीटर रुंद आणि ९० मीटरच्या आसपास खोल भोक पडलं, एक तीन मजली इमारत आत गेली. फोटो सगळ्यांनी बघितलाय. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, भुसभुशीत, आणि खाली ड्रेनेजचं पाणी मुरत होतं. आम्ही भाड्यानं राहतो त्या गल्लीत पण रस्ता तीनदा बसला आणि तीनदा खडी-डांबर झालं, चौथ्यांदा खणलं तेव्हा चेंबरची गळती सापडली. तीन वेळचे पैसे कुणाचे गेले?

खरं सिंकहोल म्हणजे ज्याला भूगोलात विवर म्हणतात ते चुनखडीत होतं, कारण पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडी हळूहळू विरघळवतं. हजारो वर्षं आत पोकळी वाढते, वरची माती तिथं कमानीसारखी टिकून असते, आणि एक दिवस छत बसतं. आत पाणी भरलेलं असलं तर त्याचा पण छताला आधार असतो, तो बोअरवेलनी उपसून काढला की बसायची शक्यता वाढते. खानापुरात तशी भीती नाही, पण आपल्याच जिल्ह्यात पूर्वेला, यादवाडकडं आणि पुढं बागलकोट जिल्ह्यातल्या लोकापूरच्या बाजूला चुनखडी आहे, तिथं खाणीही आहेत आणि बोअरही. तिथं काही झालंय असं म्हणत नाही. पण तिथल्या आणि इथल्या खड्ड्याला एकच औषध चालणार नाही एवढं नक्की.

आता दरडीचं. पेपरात कन्नडमध्ये ‘भूकुसित’ नाहीतर ‘गुड्ड कुसित’, मराठीत ‘दरड कोसळली’, झालं. एकच शब्द. घाटात राहणाऱ्यांना मात्र फरक दिसतो. चोर्ल्यात किंवा आंबोलीत कड्यावरनं सुटा धोंडा रस्त्यावर येतो ते वेगळं, तिथं खडकाच्या फटीत पाणी आणि झाडाची मुळं शिरून दगड सुटतो, त्याला जाळी मारता येते, सुटे दगड आधीच पाडता येतात. उतारच्या उतार चंद्रकोरीच्या आकारात खाली बसतो, वरच्या बाजूला भेग पडते आणि झाडं मागं कलतात, ते वेगळं. आणि चिखल, दगड, झाडं सगळं एक होऊन ओढ्यातनं लोंढा सुटतो ते सगळ्यात भयानक, कारण तो लांबच्या माणसाला गाठतो. वायनाडला ३० जुलै २०२४ ला पहाटे तेच झालं, डोंगरमाथ्यावर सुटलेलं मैलोन् मैल खाली येऊन मुंडक्काई, चूरलमला घेऊन गेलं. बरोबर दहा वर्षं आधी, ३० जुलै २०१४ ला, पुणे जिल्ह्यात माळीण गाडलं गेलं होतं, दीडशे माणसं गेली. शिवाय जमीन वर्षाला बोट-दोन बोटं सरकत राहते, खांब वाकतात, दारं लागत नाहीत, त्याची तर कुणी नोंदच करत नाही.

कारण विचारलं की सगळे म्हणतात ‘पाऊस जास्त झाला’. पाऊस आमच्याकडं जास्तच असतो हो साहेब! आमच्याच तालुक्यात आमगावला २०१० साली वर्षाला १०,००० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता आणि तासाभरावरच्या बेळगावात सव्वा-दीड हजार मिलिमीटर पडला तरी भरपूर. पाऊस पूर्वीही होता. पाणी मातीत भरलं की मातीचं वजन वाढतं आणि कणाकणातल्या पाण्याचा दाब त्या कणांना एकमेकांपासनं उचलतो, पकड सुटते. त्यात आपण पायथा कापला की वरच्याला टेकायला काही राहत नाही. धान्याच्या थप्पीतलं खालचं पोतं ओढल्यावर जे होतं ते. वर झाडं तोडली, उतारावर घरं आणि भराव चढवला, रस्त्याच्या वरचं गटार मातीनं बुजलं, मोरीत झाडोरा अडकला की पाणी जायचं कुठं?

शिरूरला, अंकोल्याजवळ, १६ जुलै २०२४ ला काय झालं ते तुमच्या सरकारनं जवळनं बघितलंय. हायवे रुंद करायला कापलेला डोंगर खाली आला, चहाची टपरी, गाड्या, माणसं सगळं गंगावळी नदीत ढकललं गेलं, आणि नदीत एवढी माती पडल्यावर उसळलेल्या पाण्यानं पलीकडच्या काठावरच्या उळुवरे गावातली घरंही गेली. एक ट्रक बाहेर काढायला सप्टेंबर उजाडला. त्याआधी जुलै २०२१ मध्ये एकाच पावसात महाडजवळ तळिये गेलं, आपल्या यल्लापूर तालुक्यात कळचे गाव खचलं, आणि २३ जुलैला दूधसागर-सोनावळीच्या मधे दरडीमुळं मंगळूर-मुंबई एक्स्प्रेस रुळावरनं घसरली. त्या घाटातनं आमची माणसं रोज गोव्याला कामाला जातात. २०२५ च्या जुलैत अनमोड घाटाचा रस्ता गोव्याच्या बाजूला खचला तेव्हा गावातली पोरं किती दिवस लांबच्या वाटेनं जात होती ते मला माहीत आहे.

हे सगळं नावावरनं अडतं म्हणून एवढं लिहिलं. राष्ट्रीय यादीत ज्या आपत्तींना एसडीआरएफचे, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे, पैसे मिळतात त्यात भूस्खलन आहे, पण जमीन आतनं पोकळ होऊन खचली तर ते नाव त्या यादीत नाही. राज्याला मात्र एसडीआरएफमधले १० टक्क्यांपर्यंत पैसे स्वतःच्या यादीतल्या आपत्तींसाठी वापरता येतात. केरळनं त्याच वाटेनं सॉइल पायपिंगला नाव दिलं. आपल्याही यादीत ‘जमीन खचणे’ स्पष्ट शब्दांत यावं आणि ते तहसीलदार, ग्रामपंचायतीच्या पीडीओपर्यंत (पंचायत विकास अधिकारी) पोचावं ही माझी पहिली आणि मोठी मागणी. आमच्या गावात भगदाडाच्या वरच्या अंगाला एका आजींच्या घराची भिंत फाटली, विहिरीचं पाणी चार दिवस आधीपासनं लाल येत होतं. त्यांना सांगितलं गेलं की दरड नाही, पूर नाही, मग कशात बसवायचं? घर तर बसलंच होतं.

दुसरं म्हणजे पंचनाम्याला भूगर्भशास्त्र कळणारा माणूस पाठवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडं दरडींचे नकाशे आहेत, जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात त्यांचं राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू झालंय, ‘भूस्खलन’ नावाचं ॲप पण आहे. ते ठीक. पण जांबोटी, कणकुंबी भागात घाटातल्या कित्येक वळणांवर नेटवर्क नसतं, आणि गावात म्हातारी माणसं फक्त मराठी वाचतात, काही तर तेही नाही. सूचना कन्नडबरोबर मराठीतही द्या आणि दवंडीनं, देवळाच्या स्पीकरवरनं द्या. काय सांगायचं ते पण साधं आहे : नवीन जागी पाण्याचे उमळे फुटले, खांब-झाडं कलली, दारं अडकायला लागली, विहीर गढूळ झाली तर कळवा. आणि भर पावसात ओढा अचानक आटला तर कळवत बसू नका, वर कुठंतरी पाणी तुंबलंय, आधी ओढ्याच्या काठावरनं उठा आणि उंचावर जा.

पश्चिम घाट जपायला कस्तुरीरंगन समितीसारखे जे अहवाल आले त्यांच्यावरनं राजकारण होतं ते मला कळतं. आमच्या तालुक्यातली गावं पण त्यातल्या पर्यावरण-संवेदनशील गावांच्या यादीत आहेत, गावात भीती आहे की उद्या गोठा बांधायला पण परवानगी लागेल, आणि ही भीती मी खोटी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं कस्तुरीरंगन अहवाल नाकारला तेव्हा आमच्याकडं बऱ्याच जणांना बरं वाटलं. पण अहवाल घ्या नाहीतर सोडा, जेसीबीनं उभा कापलेला उतार कुणाच्या मतावर थांबत नाही. निदान रस्त्याच्या कामात उतार टप्प्याटप्प्यानं कापणं, वरच्या बाजूला पाणी वळवणारं गटार, भिंतीला पाणी जायला भोकं, एवढं तरी बिल काढायच्या आधी बघा. आमच्या तिथं जी काँक्रीटची भिंत घातली तिला एक भोक नव्हतं. दुसऱ्याच पावसात ती पोट काढून पुढं आली.

डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही बेळगावात सुवर्णसौधला याल. तेव्हा एक सकाळ काढा आणि जांबोटी रस्त्यानं या. डिसेंबर चांगला आहे कारण गवत वाळलेलं असतं, भेगा दिसतात, कुठनं पाणी आत शिरतं ते शोधता येतं आणि जूनपर्यंत कामाला पाच महिने मिळतात. फार लांब नाही, जेवायच्या आत परत जाल. मी काकांना घेऊन रस्त्यावर थांबतो. भगदाड बघून झालं की फक्त साठ-सत्तर पावलं खाली उतरा आमच्याबरोबर. वाट निसरडी नसते तेव्हा, काठी आम्ही देतो.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा