नेम नंतर, आधी कोपर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाण डावीकडे आणि खाली जातात म्हणून हल्ली नेमच थोडा वर, उजवीकडे धरतोस, हे वाचल्यावर राहवलं नाही. तसं करू नकोस रे. चुकीशी जुळवून घेतलंस, तर ज्या दिवशी सोडणं जरा बरं होईल त्याच दिवशी तुझा नेम चुकायला लागेल.

तू पाठवलेल्या व्हिडिओत मी बाण कुठे लागतोय ते बघितलंच नाही, तुझा उजवा हात बघत होतो. दोरी गालाशी येते, क्षणभर थांबते आणि सुटण्याआधी हात अर्धा-एक इंच पुढे सरकतो. तिथे जोर गळतो आणि बाण खाली पडतो. शिवाय सोडताना बोटं चेहऱ्यापासून बाहेर झटकली जातात. दोरी बाजूला खेचली जाते आणि बाण डावीकडे निघतो. मला विचारशील तर दोन्हींचं मूळ एकच, धनुष्य तुला जड होतंय.

धनुष्यावर लिहिलेले 45 पाउंड, म्हणजे दोरीचा जोर, 28 इंच खेचीचे आहेत; खेच म्हणजे दोरी मागे ओढण्याचं अंतर. तुझी खेच 27 ची, म्हणजे तुझ्या बोटांवर 42-43 तरी येतात. ते सगळं तू दंडावर आणि मनगटावर पेलतोस, पाठीला काही करायला मिळतच नाही. काही महिने 25-30 पाउंडांचं धनुष्य वापर. यात कमीपणा अजिबात नाही. मी हे दोन वर्षं उशिरा ऐकलं आणि तोवर खांदा दुखावून बसलो होतो, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

हलकं धनुष्य आलं की लक्ष्याचा कागद काढून टाक. ज्यात बाण रुततात त्या गठ्ठ्यापासून तीन-चार पावलांवर उभा राहा, बाण नीट गठ्ठ्याकडे आहे हे बघ आणि मग डोळे मिटून खेच. मधलं बोट ओठांच्या कोपऱ्याला टेकलं की तो तुझा अँकर, म्हणजे हात थांबायची ठरलेली जागा. दर वेळी तीच जागा, तोच स्पर्श. आपल्या धनुष्याला साइट, म्हणजे नेम धरायची खूण नाही, त्यामुळे बाणाचं मागचं टोक डोळ्याखाली किती अंतरावर आहे हेच आपलं माप. ते पाव इंच वरखाली झालं, तर 20 मीटरवर बाण सहा-सात इंच हलतो!

अँकरला आल्यावर खेच थांबवायची नाही. उजवं कोपर मागे वळत राहू दे, खांद्याचं पातं मणक्याकडे सरकतंय असं जाणवलं पाहिजे. बोटं उघडायची नाहीत, फक्त सैल होऊ द्यायची. पाठ काम करत असेल तर हात आपसूक मानेकडे जातो. डाव्या हाताने मूठ आवळू नकोस. धनुष्य अंगठ्याखालच्या मांसल भागावर टेकू दे आणि बाण रुतेपर्यंत तो हात तिथेच राहू दे.

बाणाचं टोक लक्ष्यावर आलं की बोटं आपोआप सुटतात, असं लिहिलं आहेस. त्या धास्तीला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि ती भल्याभल्यांना गाठते. रोज काही बाण असे खेच की सोडायचेच नाहीत: अँकर, मनात तीन आकडे, आणि सावकाश परत. बाण लावल्याशिवाय मात्र दोरी कधीही सोडू नकोस, धनुष्याची पातीच तुटू शकतात.

आणखी एक. हलक्या धनुष्याला तुझे आत्ताचे बाण फार ताठ पडतील आणि ताठ बाणही डावीकडेच जातो. तेव्हा कमी ताठ स्पाइनचे, म्हणजे जरा जास्त वाकणारे बाण घे, नाहीतर दोष सोडण्याचा की बाणाचा हे कळणार नाही.

पुढचा व्हिडिओ पाठवताना कॅमेरा पाठीमागे, खांद्याच्या उंचीवर लाव. कोपर बाणाच्या रेषेत येतंय का, तेवढंच मला बघायचं आहे.

तुझा,
सुहास