आदरणीय ताई, त्या एका ओळीसाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला खासगीतही पाठवू शकलो असतो. पण माझ्या स्क्रिप्टबद्दल आणि माझ्या डिप्लोमाबद्दल मला जे ऐकून घ्यावे लागले, ते भरल्या बैठकीत ऐकून घ्यावे लागले. मग ज्या व्यक्तीने तो बोल माझ्यावरून उतरवला, तिचे ऋणही चारचौघांसमोरच मान्य करावे, असे मला मनापासून वाटते. तुमचे नाव मात्र मी लिहिलेले नाही, कारण त्याची परवानगी मी अजून मागितलेली नाही.

वाचणाऱ्यांसाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. पुण्यातली आमची छोटी कंपनी दुर्गम भागातल्या शाखांना उपग्रहामार्गे मुख्य कार्यालयाशी जोडणारे एक उपकरण बनवते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, त्यामुळे एका टोकाकडून निघालेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, दुसऱ्या टोकाला पोहोचायला साधारण पाव सेकंद लागतोच, आणि मधल्या यंत्रांचा वेळ धरून आम्ही चाचणीत ३०० मिलिसेकंद गृहीत धरतो. लॅबमध्ये उपग्रह आणता येत नाही, म्हणून मध्ये एक लिनक्स यंत्र ठेवायचे, त्याच्यातल्या नेटेम या सोयीने तेवढा विलंब घडवायचा, आयपर्फ-३ या वेग मोजण्याच्या साधनाने एका बाजूने यूडीपी (हरवलेले पॅकेट आपणहून पुन्हा न पाठवणारी पद्धत) ट्रॅफिक सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती पोहोचला ते मोजायचे, हे सगळे काम मी लिहिलेली एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या आज्ञांची ओळीने चालणारी फाइल, करीत असे. सेकंदाला ३५ मेगाबिटपर्यंत एकही पॅकेट गळत नव्हते. ५० ला मात्र शंभरातली वीसहून अधिक पॅकेट्स नाहीशी होत होती, आणि आमचे उपकरण ५० मेगाबिट पेलते असे ग्राहकाला आधीच लिहून दिलेले होते.

पुढचे सात आठवडे कसे गेले ते मी फार लांबवणार नाही, पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय तुमच्या मदतीचे मोल कळणार नाही. ज्यांनी उपकरणाचा कोड लिहिला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की दोष स्क्रिप्टमध्ये आहे, आणि त्यानंतर त्यांनी स्क्रिप्ट उघडून पाहिली नाही. आमच्या गटप्रमुखांनी सगळ्यांसमोर विचारले, की हे कुठून उचलून आणले आहे आणि यातले तुला स्वतःला किती कळते. बाहेरून एक सल्लागार आले, दोन दिवस बसले आणि त्यांनी गळती शून्यावर आलेली दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते गेल्यावर मी त्यांची आज्ञावली नीट वाचली, तेव्हा त्यांनी वेगाचा आकडाच काढून टाकलेला आढळला. यूडीपीसाठी वेग सांगितला नाही तर आयपर्फ-३ सेकंदाला केवळ एक मेगाबिट सोडते, आणि एका मेगाबिटला काय गळणार? मी हे बैठकीत सांगितले. त्यावर उत्तर मिळाले, ‘एवढ्या अनुभवी माणसाला तू शिकवणार का?’ मी सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस आहे, आणि हे वाक्य कोणत्या अर्थाने म्हटले गेले हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळले होते.

त्या संध्याकाळी एका जुन्या सहकारिणीने मला तुमचा नंबर दिला. तुम्ही निवृत्त झाला आहात, सांगलीला असता, आणि कामाचे विचारले तर आनंदाने बोलता, एवढेच तिने सांगितले होते. मी रात्री नऊच्या सुमारास फोन केला आणि ओळख करून देताना, सवयीने, आधी माझ्या शिक्षणाबद्दल सांगू लागलो. तुम्ही मला मध्येच थांबवून विचारलेत, ‘मधल्या यंत्राच्या रांगेतच काही पडते आहे का, ते पाहिले आहे का?’

मी पाहिले नव्हते. सात आठवड्यांत आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. पाठवणाऱ्या टोकाचे आकडे पाहिले होते, घेणाऱ्या टोकाचे पाहिले होते, उपकरणाचे तर रोज पाहत होतो. पण मधले यंत्र आम्हीच ठेवलेले होते, ते केवळ विलंब करते असे आम्ही धरून चाललो होतो, आणि ज्या वस्तूने आपण मोजतो ती वस्तूच तपासावी असे कोणाच्या मनात आले नव्हते. तुम्ही फोनवर असतानाच मी टीसीला, म्हणजे लिनक्समध्ये पॅकेट्सच्या रांगा सांभाळणाऱ्या आज्ञेला, रांगेची आकडेवारी विचारली. टाकून दिलेल्या पॅकेट्सचा आकडा तिथे स्पष्ट लिहिलेला होता आणि तो आमच्या हरवलेल्या पॅकेट्सच्या आकड्याशी जुळत होता.

मग तुम्ही मला गणित सांगितले नाही, ते माझ्याकडून करून घेतलेत. नेटेम प्रत्येक पॅकेट ठरलेला वेळ आपल्या रांगेत धरून ठेवते. ५० मेगाबिटला सेकंदाला चार हजारांहून थोडी अधिक पॅकेट्स येतात, प्रत्येक पॅकेट ३०० मिलिसेकंद थांबते, म्हणजे कोणत्याही क्षणी रांगेत साधारण १,३०० पॅकेट्स उभी असणार. रांगेची मर्यादा आपण लिहिली नाही तर नेटेम ती १,००० धरते. हजारावरचे प्रत्येक पॅकेट दारातूनच परत जात होते, आणि दोष उपकरणाच्या व माझ्या माथी येत होता. मर्यादा वाढवून ५,००० केली, तीच चाचणी पुन्हा चालवली, आणि गळती शून्य झाली, या वेळी खऱ्या ५० मेगाबिटला. फोन कानाला लावून मी बराच वेळ काहीच बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत, आणि फोन ठेवण्याची घाईही केली नाहीत.

एवढ्यावर तुमची मदत संपली असती तरी मी जन्मभर आभारी राहिलो असतो. पण त्याच रात्री तुम्ही मला एक फाइल पाठवलीत, तुम्ही स्वतः वर्षानुवर्षे वापरलेल्या लहान लहान फंक्शन्सची. त्यांचे सगळे वर्णन इथे करीत नाही. ट्रॅफिक सुरू करणारे फंक्शन पलीकडचे पोर्ट खरोखर उघडले आहे याची खात्री होईपर्यंत थांबते. मी तिथे अंदाजाने पाच सेकंदांची झोप घालत होतो, आणि यंत्रावर ताण असला की तीही पुरत नसे. ट्रॅफिक थांबवणारे फंक्शन प्रक्रिया मारून लगेच पुढे जात नाही, ती खरोखर संपेपर्यंत वाट पाहते. स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी सगळी आवराआवर व्हावी म्हणून सुरुवातीलाच ट्रॅप लावलेला आहे. माझ्याकडे तो नव्हता, त्यामुळे फसलेल्या चाचणीचा ट्रॅफिक मागे वाहत राहायचा आणि पुढच्या चाचणीच्या आकड्यांत मिसळायचा. आणि प्रत्येक फेरीच्या आधी व नंतर वाटेतल्या एकूण एक रांगेचे आकडे छापणारे ते फंक्शन, ज्याच्यासाठी मी सर्वांत जास्त कृतज्ञ आहे. ते माझ्याकडे पहिल्या दिवशी असते, तर सात आठवड्यांचे काम एका दुपारी संपले असते.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. तुमची फाइल रात्री सव्वाअकराला आली, आणि पावणेबाराला तीच फाइल त्याच नावाने पुन्हा आली. सोबत काही लिहिलेले नव्हते. मला वाटले, पहिल्या फाइलमध्ये काही चूक राहिली असावी, म्हणून नेमके काय बदलले ते पाहायला मी दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या. फरक केवळ एका ओळीचा होता, आणि ती ओळ चालणाऱ्या कोडची नव्हती. रांगेच्या मर्यादेच्या वर तुमची एक टीप आधीपासून होती: ‘ही मर्यादा मुद्दाम लिहिली आहे. न लिहिल्यास १,००० धरली जाते.’ तिच्या खाली तुम्ही नवी ओळ घातली होती: ‘मी स्वतः इथे तीन आठवडे अडकले होते.’

ताई, ती ओळ वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तुम्हाला ती लिहिण्याची काहीच गरज नव्हती. स्क्रिप्ट तिच्याशिवायही तशीच चालली असती. तुमच्या वयाच्या आणि अनुभवाच्या माणसाने आपली जुनी अडचण झाकून ठेवली असती तर कोणीही नावे ठेवली नसती, उलट मी तुम्हाला अधिकच मोठे मानले असते. तरी फोन ठेवल्यावर अडीच तासांनी तुम्हाला आठवले, की फोनवरच्या त्या माणसाने बोलण्याची सुरुवात आपल्या शिक्षणाची सफाई देऊन केली होती, आणि त्याला नुसते उत्तर पुरेसे नाही. तुम्ही धीर देणारा संदेश पाठवला नाहीत, कारण तो मला त्या वेळी दयेसारखा लागला असता. जिथे मी ती रोज वाचणार होतो, नेमक्या त्याच जागी तुम्ही स्वतःची चूक लिहून ठेवलीत. सात आठवडे मला हे पटवले जात होते की मी अडकलो आहे कारण मला येत नाही. तुमच्या ओळीने मला सांगितले की ही जागाच अशी आहे, जिथे येणारी माणसेही अडकतात.

तेव्हापासून मी इतरांच्या स्क्रिप्टमधल्या टिपा वेगळ्या नजरेने वाचू लागलो आहे. लिनक्स कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, येणाऱ्या नेटवर्क चाचण्यांमध्येही ट्रॅफिक सुरू करणारी आणि थांबवणारी अशीच छोटी बॅश फंक्शन्स आहेत. थांबवणाऱ्या फंक्शनमध्ये एक संदेश जाणूनबुजून दाबलेला आहे, आणि तो का दाबला हे एका ओळीच्या टिपेत सांगितलेले आहे, म्हणजे पुढच्याला कोडे पडू नये. तो ट्रॅफिक निर्माण करणारे साधन आहे माउसेझान. ते मूळ हर्बर्ट हास यांनी लिहिले. २०११ मध्ये ते गेले आणि साधनाला कोणी वाली उरला नाही, तेव्हा नेटस्निफ-एनजी या साधनसंचाच्या मंडळींनी ते आपल्याकडे घेऊन पुढे सांभाळले, आणि त्याच्या माहितीपानावर मूळ लेखकाचे नाव व त्यांच्या जाण्याची नोंद ठेवली. ज्यांना मी कधी भेटणार नाही अशा माणसांनी, त्यांना कधी भेटणार नाही अशा माझ्यासाठी एवढी काळजी घेतली आहे, हे माझ्या आधी लक्षात आले नव्हते. तुमची ओळ मला त्याच घराण्यातली वाटते. आणि मनात येते, की आमच्या त्या बैठकीच्या खोलीत दहा माणसे होती, सगळी सुशिक्षित, सगळी हुशार, आणि त्यांपैकी एकालाही ‘मीही कधी तरी अडकलो होतो’ एवढे म्हणता आले नाही. त्यांनी माझी माफी मागावी असे मला वाटत नाही. पण स्क्रिप्ट निदान उघडून पाहायला हवी होती, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

दुसऱ्या सोमवारी मी नवे आकडे सादर केले. आधी जुनी मर्यादा ठेवून गळती दाखवली, मग सगळ्यांसमोर एकच आकडा बदलला आणि चाचणी पुन्हा चालवली. खोलीत कोणी काही बोलले नाही. उपकरणाचा कोड लिहिणारा एक मुलगा मात्र नंतर माझ्या जागेवर आला आणि त्याने ती फाइल मागितली. मी दिली, तुमच्या दोन्ही ओळींसह.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली आहे. तिने परवा घाबरत घाबरत मला विचारले, की विलंब वाढवला की गळती का वाढते, आणि हा प्रश्न फार बाळबोध तर नाही ना. मी तिला ती फाइल उघडायला लावली आणि मर्यादेची जागा दाखवली. तुमच्या ओळीच्या खाली आता माझीही एक ओळ आहे: ‘मी सात आठवडे.’ ती दोन्ही ओळी वाचून थोडा वेळ गप्प राहिली आणि मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही रांगेचे गणित पहिल्यापासून मांडले.

त्या फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचे नाव असावे अशी आमच्याकडे पद्धत आहे. तुम्ही ती जागा कोरी ठेवली होती, आणि मी तिथे माझे नाव घातलेले नाही, कोणाला घालूही दिलेले नाही. तुमची परवानगी असेल तर तिथे तुमचे नाव लिहावे अशी माझी नम्र विनंती आहे. नको असेल तर तसे कळवा. जागा तशीच ठेवीन.

तुमचा कृतज्ञ,
पुण्याचा एक चाचणी अभियंता